तारीख आणि सुनावणी : दिल्लीच्या फौजदारी न्यायालयांतील विलंबाचे स्वरूप

बिहारमधील समस्तीपूर स्थानकावर २ जानेवारी १९७५ रोजी रुंदमापी लोहमार्गाच्या उद्घाटनाचा समारंभ चालू असता व्यासपीठाजवळ स्फोट झाला. त्यात गंभीर जखमी झालेले तत्कालीन रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांचे दुसऱ्या दिवशी निधन झाले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि १९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खटला बिहारमधून दिल्लीस वर्ग करण्यात आला. त्याचा निकाल लागला ८ डिसेंबर २०१४ रोजी, यमुनेपलीकडील कडकडडूमा न्यायालयात. घटना आणि निकाल यांमध्ये चाळीस वर्षांना अवघे काही दिवस कमी, एवढा काळ गेला. या काळात वीसहून अधिक न्यायाधीशांपुढून हे प्रकरण गेले, दोनशेच्या आसपास साक्षीदार तपासले गेले आणि एक आरोपी निकालाची वाट पाहतच मरण पावला. दुसरा एक आरोपी व्यवसायाने वकील होता. घटनेच्या वेळी तरुण असलेला हा गृहस्थ दोषी ठरला तेव्हा साठी ओलांडून गेला होता.

यातील साक्षीदारांच्या संख्येकडे थोडे लक्ष देणे इष्ट आहे. एकेका साक्षीदाराच्या सरतपासाला आणि उलटतपासाला संपूर्ण एक दिवस दिला, तरी दोनशे साक्षीदारांचे काम दोनशे दिवसांचे होते. काही साक्षी लांबल्या, काहींना दोन किंवा तीन दिवस लागले असे धरले, वकिलांच्या युक्तिवादासाठी आणखी दोन महिने राखून ठेवले, तरी न्यायालयाने रोज हेच एक प्रकरण चालविले असते तर ते तीन वर्षांत संपावे. मग उरलेली वर्षे कशात गेली? या प्रश्नाचे उत्तर जितके साधे तितकेच अस्वस्थ करणारे आहे. ती सुनावणीत गेलीच नाहीत. ती दोन सुनावण्यांच्या मधल्या अवकाशात गेली. न्यायालयीन विलंबाविषयी बोलताना आपण सामान्यतः न्यायाधीश संथपणे काम करतात, कायदा गुंतागुंतीचा आहे किंवा वकील फार बोलतात असे म्हणतो. वस्तुतः खटल्याचे आयुष्य पुष्कळ अंशी वाट पाहण्याचे असते. तेव्हा खटले लवकर निकालात काढावयाचे असतील तर काटकसर बोलण्यात नव्हे, या रिकाम्या अवकाशात केली पाहिजे.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या ३०९ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते, की एकदा साक्षीपुराव्याला आरंभ झाला की हजर असलेल्या सर्व साक्षीदारांची तपासणी होईपर्यंत काम दिवसामागून दिवस चालू ठेवावे आणि तहकुबी द्यावयाचीच झाली तर तिची कारणे लेखी नमूद करावी. साक्षीदार समोर उभा असता विशेष कारणाखेरीज त्याला न तपासता परत पाठवू नये, असेही तेथे बजावले होते. मिश्र खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९१ मध्ये दैनंदिन सुनावणीचा आदेश दिला. त्यानंतर एकवीस वर्षे लोटली. आरोपीने खटलाच रद्द करावा अशी मागणी केली, ती त्या न्यायालयाने १७ ऑगस्ट २०१२ रोजी फेटाळली. विलंबाला आरोपींनी मागितलेल्या मुदतीही कारण झाल्या होत्या हे निदर्शनास आणून त्याने पुन्हा दैनंदिन सुनावणीचा आदेश दिला. या दुसऱ्या आदेशानंतर सव्वादोन वर्षांत निकाल लागला. मधल्या काळात दैनंदिन सुनावणीचा मूळ नियम बदलला नव्हता. बदलली ती केवळ तारखा देण्याची रीत.

‘तारीख’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. मराठीत आपण त्याचा उपयोग दिनांक या अर्थाने करतो. न्यायालयीन व्यवहारात आपला शब्द ‘मुदत’ आणि तिचे कायदेशीर रूप ‘तहकुबी’. दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयाच्या आवारात मात्र पक्षकार ‘आज सुनावणी आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘आज तारीख आहे’ असे म्हणतो आणि संध्याकाळी ‘तारीख मिळाली’ असे सांगत घरी जातो. सुनावणी होणे ही घटना, तारीख मिळणे हा नित्यक्रम. सन १९५८ मध्ये सुरू झालेल्या या संकुलात, आणि त्यानंतर पतियाळा हाउस, कडकडडूमा, रोहिणी, द्वारका, साकेत, राउज अव्हेन्यू येथे उभ्या राहिलेल्या न्यायालयांत, उर्दूतून आलेली ही सगळी शब्दसृष्टी अजून टिकून आहे. फायली सांभाळणारा अहलमद, न्यायाधीशाशेजारी बसून पुढच्या तारखा लिहिणारा पेशकार, न्यायालयाला जोडून दिलेला आणि पोलीस ठाण्यांशी दुवा राखणारा नायब कोर्ट नावाचा पोलीस शिपाई, हे या नाट्यातील पडद्याआडचे लोक. खटला किती वेगाने पुढे सरकणार हे व्यवहारात त्यांच्या वह्यांतील मोकळ्या रकान्यांवर बरेच अवलंबून असते. महाराष्ट्रातील न्यायालयांत प्रत्येक तारखेस काय घडले याची नोंद ज्यात होते त्यास ‘रोजनामा’ म्हणतात. एखाद्या जुन्या खटल्याचा रोजनामा चाळला तर पानामागून पान एकच मजकूर दिसतो : आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर, समन्स पुन्हा काढावे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला निकालाची भीती नसावी. या पानांची असावी.

अशी पाने का निर्माण होतात, याचे गणित समजण्यासारखे आहे. समजा, एका दंडाधिकाऱ्याच्या बोर्डावर एका दिवशी साठ प्रकरणे आहेत आणि प्रत्यक्ष कामाचा वेळ पाच तासांचा आहे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास पाच मिनिटे आली. पाच मिनिटांत एकाही साक्षीदाराचा उलटतपास होत नाही. फार तर पुकारा होतो, हजेरी लागते आणि पुढची तारीख पडते. मग न्यायाधीश साठ प्रकरणे लावतोच का? कारण त्यांतील निम्म्याहून अधिक त्या दिवशी चालणारच नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. कोणाला समन्स पोचलेले नसेल, कोणा वकिलाचे दुसऱ्या न्यायालयात काम असेल, कोठे प्रयोगशाळेचा अहवाल आला नसेल, कोठे कैद्याला कारागृहातून आणणारे पथक वेळेवर आले नसेल. दहाच प्रकरणे लावली आणि त्यांतील आठ कोसळली तर दिवस फुकट जाईल, म्हणून तो साठ लावतो. परंतु साठ लावल्यामुळे ज्या दिवशी पाच साक्षीदार खरोखरच येतात, त्या दिवशी त्यांतील दोघांचेच काम होते आणि तिघे न तपासता परत जातात. परत गेलेला साक्षीदार पुढच्या वेळी येत नाही. तो येत नाही म्हणून पुढच्या वेळी आणखी प्रकरणे लावावी लागतात. विलंबाचे यंत्र ते हेच. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असतो.

या यंत्रात सर्वांत अधिक भरडला जातो तो साक्षीदार. आरोपीला वकील असतो, सरकारला अभियोक्ता असतो. साक्षीदाराला कोणी नसते. एके दिवशी रस्त्याने जाताना त्याने काही पाहिले, एवढाच त्याचा अपराध. सर्वोच्च न्यायालयाने स्वरण सिंग खटल्यात सन २००० मध्ये या स्थितीचे वर्णन मोठ्या कडवटपणाने केले होते. साक्षीदार दूरवरून पदरमोड करून येतो, त्याला बसायला जागा मिळत नाही, दिवसभर तिष्ठत राहिल्यावर तहकुबीची वार्ता त्याच्या कानी पडते, आणि तो कंटाळून किंवा फितून जाईपर्यंत हे चालू ठेवले जाते, असा त्या निरीक्षणाचा आशय होता. दिल्लीसारख्या शहरात याला आणखी एक पदर आहे. येथील मजूर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल येथून आलेल्या. भाड्याची खोली वर्षा-दोन वर्षांत बदलणाऱ्या. गुन्हा घडला तेव्हाचा पत्ता समन्स निघेपर्यंत जुना होतो. जो सापडतो त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. पाच वर्षांनी तो पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा अंगावरच्या सदऱ्याचा रंग कोणता होता असे त्याला विचारले जाते आणि तो अडखळला की त्याचा लाभ आरोपीला मिळतो. नियमाप्रमाणे तसा तो मिळालाच पाहिजे. विलंबामुळे सुटणाऱ्यांत खरे गुन्हेगार असतात आणि विलंबामुळे डांबून राहणाऱ्यांत निरपराध असतात; म्हणून विलंब हा एका पक्षाचा मित्र आणि दुसऱ्याचा शत्रू आहे असे म्हणणे कठीण आहे.

साक्षीदारांच्या यादीत पुष्कळ नावे अशी असतात की ती न बोलावली तरी चालावे. शवचिकित्सा करणारा डॉक्टर, मुद्देमाल ठाण्यातून प्रयोगशाळेत नेणारा शिपाई, फिर्याद लिहून घेणारा ठाणे अंमलदार यांच्या म्हणण्याबद्दल बहुधा वाद नसतो. कागद मान्य आहे की अमान्य हे उभय पक्षांनी आरंभीच सांगावे, म्हणजे तो सिद्ध करण्यासाठी साक्षीदार लागणार नाही, अशी सोय जुन्या संहितेच्या २९४ व्या कलमात होती. ती फार थोड्या ठिकाणी वापरली गेली. बदली होऊन गेलेला डॉक्टर एका सहीची ओळख पटविण्यासाठी शेकडो मैलांवरून यावा, त्या दिवशी वकिलांचा संप असावा आणि त्याने तसेच परतावे, असे प्रसंग या व्यवस्थेत नवे नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिने कागद मान्य-अमान्य करण्यास तीस दिवसांची मर्यादा घातली आहे, आणि बदलून गेलेल्या किंवा निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या जागी त्याच्या पदावर आलेल्याने अहवालाविषयी साक्ष द्यावी अशीही तरतूद केली आहे. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची वाट तर महाराष्ट्रातील एका प्रकरणाने बरीच आधी मोकळी केली होती. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या सन २००३ मधील निर्णयात, अमेरिकेतील एका डॉक्टरची साक्ष पडद्यावरून घेता येईल आणि तीही आरोपीच्या ‘समक्ष’ घेतलेली साक्षच होय, असे ठरले. ‘समक्ष’ या शब्दात ‘अक्ष’ आहे, अंतर नाही, हे न्यायालयाने संस्कृतचा आधार न घेताच मान्य केले, असे गमतीने म्हणता येईल.

न्यायालयांनी विलंबाची दखल घेतली नाही असा आरोप मात्र करता येणार नाही. सन १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात आलेल्या मजकुरावरून अधिवक्त्या कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. हुसेनआरा खातून या नावाने गाजलेल्या त्या प्रकरणात असे आढळले, की कित्येक माणसे त्यांच्यावरील आरोप सिद्ध होऊन जास्तीत जास्त जेवढी शिक्षा झाली असती तिच्याहून अधिक काळ खटल्यावाचूनच आत आहेत. जीविताच्या मूलभूत हक्कात त्वरित न्यायचौकशीचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. पुढे महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रकरणात, डिसेंबर १९९१ मध्ये, पाच न्यायाधीशांच्या पीठाने या हक्काच्या कसोट्या विस्ताराने सांगितल्या. मिश्र खटल्यातील आरोपीची याचिकाही त्याच वेळी विचारात घेतली गेली होती, ही गोष्ट विलक्षण खरी. त्वरित न्यायाचे सूत्र ज्या निर्णयात कोरले गेले, त्यातीलच एक प्रकरण पुढे आणखी तेवीस वर्षे चालले. खटल्यांना कालमर्यादा घालून देण्याचा प्रयत्न १९९६ आणि १९९८ मधील निर्णयांनी केला. तो सात न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये अमान्य ठरविला, कारण अमुक वर्षांनी खटला आपोआप संपेल असे म्हणणे हे न्यायालयाचे काम नव्हे, कायदेमंडळाचे होय. हे योग्यच झाले. मुदत संपताच खटला संपणार असेल, तर मुदत संपविणे हाच बचावाचा उत्तम मार्ग ठरेल.

या सर्व चर्चेत एक उणीव होती. खटल्याला वेळ किती लागतो हे सगळे सांगत होते. वेळ कशाला लागतो हे घड्याळ लावून कोणी फारसे मोजले नव्हते. ते काम दिल्लीत झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ पासून आपल्या अधिकारक्षेत्रात ११ प्रायोगिक न्यायालये निवडली. त्यांच्यावरील जुन्या प्रकरणांचा सगळा भार काढून घेण्यात आला. पाटी कोरी करून त्यांनी केवळ नव्याने येणारी प्रकरणे चालवावयाची होती. ‘शून्य प्रलंबितता न्यायालय प्रकल्प’ या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. प्रकरण दाखल झाल्यापासून निकालापर्यंत प्रत्येक टप्प्यास किती दिवस आणि न्यायाधीशाची किती मिनिटे लागली याची नोंद ठेवण्यात आली, आणि नेहमीच्या भाराखाली चालणाऱ्या न्यायालयांशी तिची तुलना करण्यात आली. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

अहवालातील एक आकडा विशेष विचार करण्याजोगा आहे. अभ्यासात घेतलेल्या प्रकारच्या न्यायालयांत १४३ न्यायाधीश काम करीत होते. साठलेली सर्व प्रकरणे एका वर्षात निकालात काढावयाची तर आणखी ४३ न्यायाधीश लागतील, असा हिशेब निघाला. विधी आयोगाने १९८७ मध्ये दर दहा लाख लोकांमागे न्यायाधीशांची संख्या सुमारे दहावरून पन्नासवर न्यावी असे सुचविले होते. त्या पाचपटीच्या मानाने ही वाढ जेमतेम तीस टक्क्यांची आहे. अर्थात दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि दिल्लीचा हिशेब देशाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि थकबाकीचा डोंगर पाहून हात टेकणाऱ्यास तो काही सांगतो : डोंगर मोजता येतो. साक्षीदारांची अनुपस्थिती आणि वकिलांनी वा पक्षकारांनी निरनिराळ्या टप्प्यांवर मागितलेल्या अनावश्यक मुदती, ही खटला लांबण्याची प्रमुख कारणे म्हणून त्यात पुढे आली. कोऱ्या पाटीवरही साक्षीदार आपोआप येत नाही, हा या प्रयोगाचा कमी चर्चिला गेलेला धडा. न्यायाधीशाला वेळ असून भागत नाही. त्या वेळेस बाकीच्यांनी तेथे असावे लागते.

न्यायाधीशाच्या कामाचे मोजमाप हा याला लागून असलेला विषय. निकालात काढलेल्या प्रकरणांना गुण देऊन त्याचे काम जोखण्याची पद्धत अनेक राज्यांत आहे. गुणांची कोष्टके कितीही सुधारली तरी वाहतुकीचा दंड किंवा कबुलीचा किरकोळ खटला संपविणे सोपे आणि शंभर साक्षीदारांचा खून खटला हाती घेणे जोखमीचे, हे राहतेच. त्यात बदली आली तर युक्तिवाद ऐकलेला न्यायाधीश निकाल न लिहिताच जातो. आधीच्या न्यायाधीशाने नोंदविलेल्या साक्षीवर नव्याला काम करता येते, पण युक्तिवाद पुन्हा ऐकावा लागतो. मिश्र खटल्यातील वीसहून अधिक न्यायाधीशांचा अर्थ या दृष्टीने पाहिला म्हणजे कळतो. जुने आणि मोठे प्रकरण प्रत्येक नव्या न्यायाधीशाला वारशाने मिळते, आणि वारशाच्या कर्जाप्रमाणे ते पुढच्याकडे सोपविण्याचा मोह होतो.

फौजदारी न्यायालयांच्या गर्दीत जे मुळात फौजदारी नाहीत अशा वादांचाही मोठा वाटा आहे. धनादेश न वटणे हा १ एप्रिल १९८९ पासून गुन्हा झाला. उद्देश व्यापारातील विश्वास वाढविण्याचा होता. परिणाम असा झाला की उसनवारी वसूल करण्याचे काम दंडाधिकाऱ्यांकडे आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नमूद केले, की २०१९ अखेर देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी प्रकरणांपैकी ३५.१६ लाख प्रकरणे एकट्या धनादेशांची होती. दिल्ली हे व्यापाराचे शहर, त्यामुळे तेथे हा भार विशेष जाणवतो. ज्या दंडाधिकाऱ्याने मारहाणीच्या, चोरीच्या, स्त्रियांच्या छळाच्या तक्रारी ऐकावयाच्या, त्याच्या बोर्डावरील रांगेत सावकार आणि बँका उभ्या असतात. यांतील पुष्कळ वाद दोन तारखांत तडजोडीने मिटू शकतात, आणि तसे ते मिटविण्यासाठी स्वतंत्र न्यायालये व मध्यस्थी केंद्रे यांचा उपयोग दिल्लीत होऊ लागला आहे. येथे घाई करण्यास हरकत नाही, कारण पणाला लागलेले असतात ते पैसे.

जेथे माणूस पणाला लागलेला असतो तेथे प्रश्न वेगळा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कैद्यांत दर चारांपैकी तीन कच्चे कैदी होते; दिल्लीच्या कारागृहांत हे प्रमाण त्याहूनही अधिक, दहांत नऊच्या आसपास असल्याचे त्या सुमाराच्या आकडेवारीत दिसते. ज्याच्यावर आरोप सिद्ध झालेला नाही अशा माणसाच्या दृष्टीने पुढची तारीख म्हणजे आणखी दोन महिने. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यास सोडावे, अशी तरतूद २००६ मध्ये अमलात आली. नव्या संहितेने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी ती मर्यादा एकतृतीयांशावर आणली. जन्मठेपेच्या वा देहान्ताच्या अपराधांना ती लागू नाही. ही तरतूद दयाळू आहे. पण ती विलंब गृहीत धरून केलेली आहे.

दिल्लीने घालून दिलेला एक धडा मात्र निःसंशय अनुकरणीय ठरला. कडकडडूमा संकुलात २०१२ मध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी, विशेषतः बालकांसाठी, स्वतंत्र साक्षकक्ष सुरू झाला. मुलाला आरोपीसमोर उभे राहावे लागत नाही, पोलीस आणि वकील यांच्या गर्दीतून जावे लागत नाही, थांबण्यास खोली असते. महाराष्ट्र शासन विरुद्ध बंडू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिल्लीच्या या पद्धतीचा दाखला देऊन प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात अशी केंद्रे स्थापण्याचा आदेश दिला. साक्षीदाराची बूज राखली की तो येतो आणि नीट बोलतो, ही गोष्ट वेगाच्या हिशेबातही मोडते.

वेग शक्य आहे हे याच शहरात सिद्ध झाले आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या अत्याचार प्रकरणात साकेत येथील जलदगती न्यायालयात फेब्रुवारी २०१३ मध्ये दोषारोप ठेवण्यात आले, सरकार पक्षाचे ऐंशीहून अधिक साक्षीदार तपासले गेले आणि १० सप्टेंबरला आरोपी दोषी ठरले. आठ महिन्यांहून कमी काळात ऐंशी साक्षीदार आणि चाळीस वर्षांत दोनशे, ही तुलना स्वयंस्पष्ट आहे. उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये शिक्षा कायम केली. अंमलबजावणी २० मार्च २०२० रोजी झाली. म्हणजे ज्या टप्प्यात सगळा साक्षीपुरावा झाला त्याला आठ महिन्यांहून कमी वेळ लागला. परंतु जलदगती न्यायालय आकाशातून पडत नाही. त्यासाठी न्यायाधीश, अभियोक्ता, लघुलेखक, पोलीस पथक हे दुसऱ्या कोणत्या तरी न्यायालयातून काढून द्यावे लागतात, आणि तेथील बोर्डावर त्या दिवशी साठाऐवजी ऐंशी प्रकरणे लागतात. रांगेतील एकाला पुढे घेतल्याने रांग आखूड होत नाही.

शिवाय वेगाचीही एक विकृती आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या खांडवा येथे २०१३ मध्ये एका बालिकेवरील अत्याचार व खून प्रकरणी एका तरुणास अटक झाली. दिल्लीच्या घटनेमुळे देशात क्षोभ होता. १९ फेब्रुवारीला आरोपीसाठी सरकारी खर्चाने वकील नेमण्यात आला आणि त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले; ४ मार्चला त्याला देहान्ताची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१९ रोजी ती रद्द ठरविली. जन्मठेप वा देहान्त संभवतो अशा खटल्यात नेमलेल्या वकिलास किमान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीसाठी सर्वसाधारणपणे निदान सात दिवस मिळावे, असा दंडक त्या निर्णयाने घातला आणि खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. पुन्हा चाललेल्या सुनावण्यांच्या अखेरीस मार्च २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. पहिल्या खटल्याला दोन आठवडे लागले होते; त्यातून बाहेर पडण्यास अकरा वर्षे लागली, आणि त्या बालिकेच्या मृत्यूस जबाबदार कोण, हे कोणत्याही न्यायालयात ठरलेले नव्हते.